कमी चाललेली गाडी की नीट चाललेली?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळीने काम करतात. घर ते काम १८ किलोमीटर. त्यात साधारण ८ किलोमीटर महामार्ग, बाकी शहरातली गर्दी. सकाळची पाळी सहाला सुरू होते. इतके दिवस त्या एका सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसून जायच्या, त्यांची बदली झाली. स्कूटर चालवायची सवय आहे, गिअरची गाडी भावाकडे शिकल्या, परवानाही काढला. साठवलेल्या पैशात जुनी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं आणि दोन गाड्या समोर आल्या. एक ४०० सीसीची, दोन सिलिंडरची, ९ वर्षांची, पण ११,००० किलोमीटरच चाललेली. चकचकीत, आणि साठवलेली सगळी रक्कम घेणारी. दुसरी १५० सीसीची, ६ वर्षांची, ४२,००० चाललेली. मालक तिच्यावरून रोज कामाला जातो, टाकीवर ओरखडे, सीटचं कव्हर उसवलेलं, किंमत पहिलीपेक्षा एक तृतीयांशाने कमी. भाऊ म्हणतो, ‘४२,००० म्हणजे गाडी संपली. एकदाच घ्यायची तर मोठी घे, महामार्गावर सुरक्षित राहशील.’ आईवडील म्हणतात, जुन्याच्या भानगडीत पडू नकोस, कर्ज काढून नवी स्कूटर घे. उंची पाच फूट दोन इंच, त्याचीही धास्ती. ‘नऊ वर्षांत अकरा हजारच, म्हणजे नवीच म्हणायची ना? पण मला काहीच ठरवता येत नाही,’ असं त्या लिहितात.

आधी माझा कल सांगून टाकते. मी दुसऱ्या गाडीकडे झुकते, त्या ४२,००० चाललेल्या. मात्र ती पुढे सांगते तशी तपासून घ्यायची, आणि तपासणीत नापास झाली तर तिलाही सोडून द्यायचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘म्हणजे नवीच म्हणायची ना?’ हे वाक्य. जुनी गाडी घेणारे बहुतेक जण हेच म्हणतात, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

तुमच्याच वापराचा हिशेब मांडू. रोज ३६ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिन्याला ९०० किलोमीटर. वर्षाला जवळजवळ ११,०००. ज्या ‘कमी चाललेल्या’ आकड्यासाठी तुम्ही जवळची सगळी पुंजी द्यायला निघाला आहात, तेवढं अंतर तुम्ही स्वतः एका वर्षात कापणार आहात. पुढच्या वर्षी मीटरवर २२,००० दिसतील आणि दाराशी दहा वर्षांची, मोठ्या इंजिनाची, महाग सुट्या भागांची गाडी उभी असेल.

आणि त्या नऊ वर्षांत ती गाडी काय करत होती? महिन्याला सरासरी शंभर किलोमीटर. म्हणजे बहुतेक काळ ती उभी होती. उभी गाडी जपून ठेवल्यासारखी वाटते, पण तिच्या आत बरंच काही बिघडत असतं. टाकी अर्धी रिकामी असली की आत दमट हवेचं पाणी धरतं आणि गंज चढतो. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो, आणि कार्बोरेटरची किंवा इंजेक्टरची बारीक भोकं बुजतात. बॅटरी चार्ज न होता पडून राहिली की तिची ताकद कायमची उतरते. रबराचे सील कोरडे पडून कडक होतात. मधूनच दहा मिनिटं चालवून परत झाकून ठेवलेल्या गाडीचं इंजिन धड तापतही नाही. आत जमलेला ओलावा वाफ होऊन उडून जात नाही, तो ऑइलमध्येच राहतो.

ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, हे तर फार थोड्यांच्या लक्षात असतं. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्याच ऑइलात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तो १५५ अंशांवर आला तरी मानकात बसतो. एवढी घसरण होते म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, गाडी कितीही कमी चालली तरी. नऊ वर्षांत अकरा हजार चाललेल्या गाडीच्या मालकाने ते किती वेळा बदललं असेल? हा प्रश्न त्यांना विचाराच. नेमकं उत्तर आलं तर माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढेल.

टायरचंही तसंच. प्रत्येक टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘३४१८’ दिसलं तर तो टायर २०१८ सालच्या ३४व्या आठवड्यात बनलेला. खाचा पूर्ण शिल्लक असल्या तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर मी रोजच्या गाडीवर ठेवणार नाही, मग तो दिसायला कितीही कोरा असो. गोटा झालेला टायर निदान लांबून कळतो, कडक झालेला कळत नाही.

म्हणजे पहिली गाडी टाकाऊ आहे का? तसं मी म्हणत नाही. दोन्ही टायर, बॅटरी, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट असेल तर तेही, टाकीची आणि इंजेक्टरची सफाई, पुढच्या शॉकअपचे सील, हे सगळं धरून जी किंमत होईल ती तिची खरी किंमत. तुमच्या हिशेबात ती बोलीच्या रकमेवरच थांबली आहे, आणि तिथेच तुमची पुंजी संपते. गाडी घरी येईल त्या दिवशी तिच्या टायरला पैसे नसतील, ही गोष्ट मला फार काळजीची वाटते.

आता ४२,००० किलोमीटर ‘संपलेल्या’ गाडीकडे वळू. सहा वर्षांत ४२,००० म्हणजे वर्षाला ७,०००, दिवसाला वीस-बावीस. कामाला जाऊन येणाऱ्या माणसाचा हाच आकडा असतो, त्यामुळे मीटर खरं बोलत असावं असं वाटतं. रोज तापणारं, रोज चालणारं, वेळेवर ऑइल बदललेलं हवेने थंड होणारं एका सिलिंडरचं इंजिन या अंतराला दमत नाही. ऑइल न बदलता पळवलेलं मात्र याच्या निम्म्या अंतरातही आवाज करू लागतं. म्हणून आकड्यापेक्षा मालकाला जास्त तपासा. ‘चेनसेट शेवटचा कधी बदलला?’ असं सहज विचारा. साधारण वीस-पंचवीस हजारांत चेन आणि दोन्ही चक्रं बदलावी लागतात, वंगण नसेल तर त्याही आधी; त्यामुळे या गाडीवर ते एकदा तरी झालेलं असायलाच हवं. रोज गाडी वापरणाऱ्याला हे आठवतं, कारण त्याच्या खिशातून पैसे गेलेले असतात. ऑइल कोणतं घालता, क्लच प्लेट बदलल्या का, काम कोणत्या गॅरेजात होतं, हेही विचारा. बिलं काढून दाखवणारा माणूस भेटला तर ओरखडे आणि उसवलेली सीट विसरून जा. सीटचं कव्हर एका दुपारी बदलून मिळतं.

‘कसलंच काम निघालं नाही हो, फक्त पेट्रोल घालायचं आणि चालवायची’ असं कौतुकाने सांगणाऱ्यापासून सावध राहा. ४२,००० किलोमीटरमध्ये काहीच काम निघालं नसेल, तर कुणी केलंच नाही असा त्याचा अर्थ.

भावाचा दुसरा मुद्दा, मोठी गाडी म्हणजे सुरक्षित. तो काळजीपोटी बोलतोय, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. महामार्गावर अवजड वाहनांच्या मधोमध शंभर सीसीची गाडी पूर्ण पिळून चालवावी लागणं मलाही आवडत नाही. हाताशी थोडी ताकद शिल्लक असावी. पण दीडशे सीसीच्या धडधाकट गाडीवर ताशी सत्तर-ऐंशीचा वेग न कण्हता राहतो, आणि तुमचा तो पट्टा आठच किलोमीटरचा आहे. ताशी शंभरच्या वर जायची तुम्हाला गरज पडणार नाही, आणि पडूही नये.

अपघात कुठे आणि कसे होतात याचा एक जुना पण अजूनही उपयोगी अभ्यास आहे. लॉस एंजेलिस परिसरातल्या जवळजवळ ९०० मोटरसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन छाननी करणारा हा अहवाल १९८१ साली आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या चमूने तो केला म्हणून त्याला हर्ट अहवाल म्हणतात. ज्या अपघातांत दुसरं वाहनही होतं, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलची वाट अडवली होती, आणि त्यात चौक आघाडीवर होते. अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास निघाला. म्हणजे घात होतो तो शहरी वेगात, समोरच्याने न बघता वळण घेतल्यावर. त्या क्षणी ४०० सीसी कामाला येत नाही. तेव्हा चांगले ब्रेक, धरणारे टायर, लांबून दिसणारा हेडलाइट आणि हातात बसलेली, हलकी गाडी लागते.

म्हणूनच मी दोन्ही गाड्यांत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, आहे का ते आधी बघेन. मोटरसायकलवर ते पहिल्यांदा १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के१०० मालिकेत आलं, पण साध्या गाड्यांपर्यंत पोचायला फार वर्षं गेली. युरोपीय संघाने १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलांना ते २०१६पासून सक्तीचं केलं, भारताने २०१८पासून. तुमच्यासमोरच्या गाड्या या सीमेच्या अलीकडच्या आहेत की पलीकडच्या हे नुसत्या वर्षावरून ठरवू नका, डोळ्यांनी बघा. एबीएस असेल तर किल्ली फिरवली की मीटरवर त्याचा दिवा लागायला हवा, आणि गाडी चालू लागल्यावर लगेच विझायला हवा. विझलाच नाही तर यंत्रणेत बिघाड आहे. आणि किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी कुणीतरी दिव्याशीच छेडछाड केली असण्याची शक्यता धरा.

पेट्रोलचाही हिशेब होऊन जाऊ दे. दीडशेची गाडी लिटरला ४५चं अ‍ॅव्हरेज देत असेल आणि दोन सिलिंडरची चारशे २५चं, तर तुमच्या महिन्याच्या ९०० किलोमीटरला एकीला २० लिटर लागतील, दुसरीला ३६. दर महिन्याला सोळा लिटरचा फरक. त्यात मोठ्या गाडीचे टायर महाग, प्लग दोन, विमा जास्त, आणि जवळच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक तिला हात लावेलच असं नाही. सहाची पाळी असलेल्या माणसाने गाडी निवडताना ‘हिचा क्लच वायर तुटला तर तो दुपारपर्यंत मिळेल का?’ हे विचारून बघावं. छोट्या इंजिनाला कमी लेखायचं कारण नाही. होंडाची सुपर कब १९५८ साली ४९ सीसीचं इंजिन घेऊन आली, आणि २०१७पर्यंत त्या मालिकेच्या दहा कोटी गाड्या बनल्या. जगभर लोकांनी तिच्यावरून रोजचीच कामं केली.

उंचीची धास्ती सोडा, वजनाकडे बघा. दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची कदाचित जवळपास सारखीच निघेल, पण चारशेची गाडी तीसेक किलोने किंवा त्याहूनही जड असेल. थांबल्यावर दोन्ही तळपाय सपाट टेकायला हवेत असं नाही. एक पाय घट्ट टेकला आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तरी पुरतं. खरी परीक्षा रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये होते. रात्रपाळी संपवून थकून आलात, गाडी दोन गाड्यांच्या मध्ये अडकली आहे, जमीन किंचित उताराची आहे, आणि ती मागे ओढून काढायची आहे. बघायला जाल तेव्हा इंजिन बंद ठेवून नेमकं हेच करा. गाडी मागे ढकला, वळवा, मेन स्टँडवर चढवून उतरवा. ज्या गाडीने तिथे घाम काढला ती रोजची नव्हे.

आईवडिलांचंही ऐकून घेऊ. नवी स्कूटर हा चुकीचा पर्याय नाही. तुम्हाला सवय आहे, गिअर नाहीत, डबा-रेनकोट ठेवायला जागा आहे, काही वर्षं वॉरंटी आहे. तुमचा सगळा रस्ता शहरातला असता तर मी कदाचित त्यांचीच बाजू घेतली असती. अडचण त्या आठ किलोमीटरची. स्कूटरची चाकं साधारण दहा-बारा इंची, मोटरसायकलची सतरा-अठरा इंची. वेगात खड्डा आला की मोठं चाक त्यावरून सरळ जातं, लहान चाक त्यात उतरतं. शिवाय हप्ता. पाळी चुकली, सुट्टी पडली, तरी हप्ता चुकत नाही. जुन्याची भीती हे कर्ज काढण्याचं एकमेव कारण असेल, तर ती भीती तपासणीने कमी होते. आणि गिअरच्या गाडीचा तुम्हाला अजून हातच बसला नसेल, तर थोडे दिवस सुट्टीच्या सकाळी भावाच्या गाडीवर सराव करा, मगच बयाणा द्या.

आता तपासणी. विक्रेत्याला सकाळची वेळ मागा आणि सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर बोलायच्या आधी हात इंजिनाजवळ न्या, मग सिलिंडरच्या पात्यांना लावा. गार लागायला हवं. कोमट असेल तर कुणीतरी आधीच सुरू करून ठेवली आहे, आणि तसं करण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती थंड असताना धड सुरू होत नाही. तुम्हाला पहाटे पाचला नेमकी थंड गाडीच सुरू करायची आहे. अशा वेळी भांडू नका, ‘उद्या परत येते’ म्हणा.

थंड इंजिन एक-दोन सेल्फमध्ये पकडायला हवं. धुराकडे बघा. गार सकाळी पहिले काही क्षण पांढरी वाफ येते, ती चालते. निळसर धूर आला आणि येतच राहिला तर ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असतील, इंजिन खोलावं लागेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुधा कमी खर्चात सुटतो. ऑइलची काच किंवा दांडी बघा. काळं ऑइल म्हणजे बदलायला झालंय इतकंच. पण दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे, तिथून निघा. इंजिन तापल्यावर टकटक वाढते की कमी होते ते ऐका. वाढली तर मेकॅनिकने ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग खाली बसा. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढा. चांगली चेन दातांना चिकटून राहते. ती इतकी सुटून आली की खाली निम्मा दात उघडा दिसतो, तर चेनसेट संपला. चक्राचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील तरी तेच. हा दोष गाडी नाकारायला पुरेसा नाही, पण किंमत पाडायला पुरेसा आहे.

पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात खाली दाबा, दोन-तीनदा. शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. बोटाला ऑइलची कड लागली तर सील गळतात. तशीच डिस्कवर बोट फिरवा. काठाला उंच धार लागली तर ती बरीच झिजली आहे. कमीत कमी जाडी किती असावी हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. मग कुणालातरी गाडी मेन स्टँडवर मागे दाबून धरायला सांगा, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर ते ‘खट्’ करून बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. त्याच वेळी चाक फिरवून ते डगमगतं का तेही बघून घ्या.

पडलेली गाडी ओळखायला टाकीकडे बघू नका, टाकी रंगवता येते. हँडलची टोकं, क्लच-ब्रेकच्या दांड्यांची टोकं, फूटरेस्टची टोकं बघा. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो सांध्याजवळचा छोटा लोखंडी अटकाव चेपलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला असेल, तर समोरून मोठा मार बसला आहे. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नको. मीटरबद्दल शंका असेल तर फूटरेस्टचं रबर, ब्रेकच्या पायपट्टीची झीज, मुठी आणि किल्लीचं भोक बघा. ११,००० म्हणणाऱ्या गाडीचं फूटरेस्ट गुळगुळीत झालेलं असेल तर एक तरी गोष्ट खोटी आहे. सीट उचलून खालच्या वायरिंगकडेही बघा. जोडण्यांमध्ये वाळलेला गाळ म्हणजे गाडी पुराच्या पाण्यात बुडून आलेली.

चालवून बघायला द्याच म्हणा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना मूठ पिळा: इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतात. दुसरा गिअर दाब देताना निसटून न्यूट्रल होतो का बघा, ते खर्चाचं काम असतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर हात हँडलवर हलके ठेवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकं एका रेषेत नाहीत, किंवा चेसिस वाकलेली आहे. परत आल्यावर मल्टिमीटर असेल तर बॅटरीला लावा. बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडं रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. रेस करूनही आकडा वर चढत नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे, नुसती बॅटरी बदलून तो जाणार नाही.

हे सगळं तुम्हाला एकटीने जमेल, पण तरी एक मेकॅनिक बरोबर न्या. तुमचा, विक्रेत्याचा नव्हे. आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे व्यवहार होवो न होवो द्या, म्हणजे ‘घेऊ नका’ म्हणताना त्याला अवघड वाटणार नाही. गाडी गॅरेजात आणून दाखवायला मालक तयारच नसेल, तर पुढचं बोलणं थांबवा.

कागद. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलच्या मानेपाशी ठोकलेला असतो. तो नोंदणीपत्राशी एकेक अक्षर जुळवा, इंजिन नंबरही. आकडे घासल्यासारखे दिसले तर व्यवहार नको. गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, तो फेडला असेल तर सावकार संस्थेचं पत्र आहे ना, विमा चालू आहे ना, दंड थकलेले नाहीत ना, हे नोंदणी कार्यालयाकडून पडताळा. विक्रेत्याच्या शब्दावर ठेवू नका. दुसरी किल्ली मागा. विकणारा आणि नोंदणीवरचा मालक एकच आहे का? ‘मित्राची आहे, मीच विकतोय’ असं असेल तर मित्राला समोर आणायला सांगा.

पैशांची मांडणी मी अशी करेन. जी रक्कम हाती आहे तिचा पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढा आणि गाडीची किंमत उरलेल्यात बसवा. दुसरी गाडी स्वस्त असल्यामुळे हे तुम्हाला सहज जमेल. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, मालक ‘आत्ताच केलंय’ म्हणाला तरी. इंजिन ऑइल मोटरसायकलचंच घाला, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, आणि मोटारीच्या काही ऑइलांमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो.

याच बाजूला काढलेल्या पैशातून हेल्मेट, आणि तेही नवं. गाडी जुनी चालेल, हेल्मेट जुनं चालणार नाही. आतला थर एकदा दबला की बाहेरून कळत नाही. २००८ साली कॉक्रेन संस्थेने या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. टाकीला रंग द्यायचे पैसे असतील तर तेही हेल्मेटात घाला.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे, की ती चारशेची गाडी ‘बघताक्षणी आवडली’. त्याची लाज वाटून घेऊ नका. आवडणं हे गाडी घेण्याचं खरं कारण असतं, आणि पुढे कधी तुमच्याकडे रोजची गाडी असताना दुसरी, हौसेची घ्यायची ऐपत आली तर जरूर घ्या. तेव्हा तुमचा हातही बसलेला असेल. ‘एकदाच घ्यायची’ हे भावाचं वाक्य मात्र सोडून द्या. दीडशे सीसीची नीट ठेवलेली गाडी तीन-चार वर्षांनी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक पटकन मिळतं, कारण तेव्हाही कुणालातरी कामाला जायचंच असतं. या गाडीने तुम्हाला जन्मभर बांधलेलं नाही.

भावाशी वाद घालण्याऐवजी त्याला तपासणीला बरोबर न्या. चेन ओढायला, चाक अधांतरी धरायला दुसरा माणूस लागतोच, आणि फूटरेस्टची झीज स्वतः बघितल्यावर त्याचं मत बदलण्याची शक्यता जास्त.

आणि दोन्ही गाड्या नापास झाल्या तर? तर थांबा. सकाळच्या पाळीपुरता महिनाभर कुणा सहकाऱ्याबरोबर पेट्रोल वाटून जायची सोय बघा, वरिष्ठांना दुपारची पाळी मागून बघा. घाईत घेतलेल्या गाडीपेक्षा महिनाभराची गैरसोय स्वस्त पडते. शोधताना १५० ते १६० सीसी, एक सिलिंडर, इंजेक्शनची, पुढे डिस्क आणि एबीएस असलेली, ट्यूबलेस टायरची, चार ते सात वर्षांची, शक्यतो एकाच मालकाची, एवढं डोळ्यांसमोर ठेवा. कोणत्या कंपनीची, हे तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या गॅरेजांत विचारा. ज्या गाडीचे भाग त्यांच्या मांडणीवर पडलेले असतात, ती घ्या.

व्यवहार ठरला की सगळे पैसे एकदम देऊ नका. बयाणा द्या, त्याची पावती घ्या, नावबदलीच्या अर्जावर दोघांच्या सह्या झाल्यावर उरलेली रक्कम बँकेतून द्या, आणि विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय गाडी महामार्गावर काढू नका.